रस्त्याची पाहणी बायकांनीच करावी

सोलापूरच्या पूर्व भागातील, अक्कलकोट रस्त्याकडच्या एका वसाहतीत राहणाऱ्या वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या घरी विड्या वळतात आणि एका बचत गटाचे काम पाहतात. त्यांची मुलगी अकरावीत असून क्लास आटोपून रात्री साडेआठच्या सुमारास मुख्य रस्त्यावर रिक्षातून उतरते आणि तिथून नाल्याकडेच्या वाटेने चालत घरी येते. गेल्या महिन्यात मोटारसायकलवरच्या दोन तरुणांनी त्या वाटेवर तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना गाठून अश्लील शेरे मारले व वसाहतीच्या कमानीपर्यंत त्यांचा पाठलाग केला. त्यानंतर पुरुष मंडळींची बैठक होऊन तीन गोष्टी ठरल्या : कमानीशी कॅमेरे बसवायचे, फाटक नऊ वाजता बंद करायचे आणि मुलींनी अंधार पडण्यापूर्वी घरी यायचे. बैठकीत बायका मागे बसल्या होत्या, त्यांना कुणी काही विचारले नाही. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, ‘आम्ही बोललो तर म्हणतात, यातले बायकांना काय कळते. आणि सगळे खरे सांगितले तर पोरींचे क्लासच बंद होतील. मग आम्ही करावे तरी काय?’

ताई, सर्वप्रथम घडलेल्या प्रकाराविषयी लिहिते, कारण पाहणी, बैठका आणि अर्ज यांना वेळ लागेल आणि तोवर मुलींना त्याच वाटेने यावे लागणार आहे. अश्लील शेरे, हावभाव आणि पुन्हा पुन्हा केलेला पाठलाग हे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हे आहेत; कलम 78 आणि 79 त्यासाठीच आहेत. मुली अठरा वर्षांखालील असल्यामुळे 2012 चा बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, म्हणजे ज्याला आपण पोक्सो म्हणतो, तोही येथे लागू होऊ शकतो. तुमची वसाहत शहर आणि ग्रामीण पोलिसांच्या हद्दींच्या जवळ आहे असे पत्रावरून दिसते. तरीही ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे सांगून तुम्हाला परत पाठवता येत नाही, कारण दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय सुरू करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर कोणत्याही पोलीस ठाण्याने नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची, असा आता कायदाच आहे. तक्रार महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. पोक्सोखाली मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथे घ्यायचा असतो आणि त्या वेळी अधिकारी गणवेशात नसावा, अशी तरतूद आहे. ठाण्याची पायरी चढावी लागेल या धास्तीने तुम्ही थांबला असाल, तर तिघींच्या आयांनी एकत्र जाऊन एवढे विचारून यावे. पुन्हा असा प्रसंग आला तर त्याच क्षणी 112 वर फोन करावा, हे मुलींना आजच सांगून ठेवावे.

आता ‘बायकांना काय कळते’ या प्रश्नाकडे वळते. उत्तर असे आहे की त्या वाटेविषयी जेवढे तुम्हाला कळते तेवढे दुसऱ्या कुणालाही कळत नाही आणि हे जगभर करून पाहिलेले आहे. कॅनडातील टोरांटो शहरात ‘मेट्रॅक’ या संस्थेने 1989 साली एक पद्धत आखून दिली : ज्या स्त्रिया एखादा रस्ता वापरतात त्यांनीच गट करून, अंधार पडल्यावर, तो पायी चालून पाहायचा, कुठे भीती वाटली आणि त्या जागेत नेमके काय होते म्हणून ती वाटली, हे जागच्या जागी लिहायचे आणि ते कागद नगरपालिकेपुढे ठेवायचे. पुढे ही पद्धत अनेक देशांत गेली. दिल्लीत ‘जागोरी’ या संस्थेने अशा कित्येक पायी पाहण्या केल्या. 2013 मध्ये सुरू झालेल्या ‘सेफ्टीपिन’ या मोबाइल ॲपमध्ये उजेड, मोकळेपणा, आजूबाजूच्या घरा-दुकानांतून रस्ता दिसतो की नाही, माणसांची वर्दळ, पहारा, चालण्याजोगी वाट, वाहनाची सोय, रस्त्यावर बायका किती दिसतात आणि एकंदर मनाला काय वाटते, असे नऊ निकष आहेत. हा शेवटचा निकष मला फार महत्त्वाचा वाटतो. पोलिसांच्या नोंदीत तक्रार झालेला प्रकार येतो. पण जी बाई भीतीपोटी वाटच बदलते, वळसा घालून जाते, किंवा जायचेच सोडून देते, तिची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. त्यामुळे कागदावर तुमची नाल्याकडची वाट अगदी सुरक्षित ठरू शकते, केवळ तिथून कुणी जात नाही म्हणून.

तुमच्या भागाचे उदाहरण घ्या. दुपारी त्याच गल्लीत कुणाची छेड काढण्याची हिंमत होत नाही, कारण दारादारांत सूप मांडीवर घेऊन बायका विड्या वळत बसलेल्या असतात. हात पानावर आणि तंबाखूवर असतो, तरी गल्लीत कोण आले, कोण गेले, कुणाचा पाहुणा आणि कोण उगाच घुटमळतो आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. दिवेलागणीनंतर त्या स्वयंपाकाला आत जातात आणि गल्लीवरची ही नजर उठते. पूर्व भागात दुसरीही एक गोष्ट आहे. जिथे यंत्रमाग चालू असतात तिथे खडखडाटात हाक ऐकू जात नाही. म्हणजे रस्त्यावर दिवा आहे, दोन्ही बाजूंना घरे आहेत, आत माणसे आहेत, तरीही ओरडण्याचा उपयोग नाही. आणि माग बंद असतात त्या दिवशी तोच रस्ता ओस पडतो. परगावाहून आलेल्या तज्ज्ञाला हे एका फेरीत दिसणार नाही, आणि वसाहतीतील पुरुषांना ते जाणवलेले नसते, कारण त्यांना त्या वाटेवर ओरडायची वेळ आलेली नसते. यात त्यांना दोष द्यायचा हेतू नाही. ज्याला जे भोगावे लागत नाही त्याने त्यावरचा उपाय एकट्याने ठरवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

तुमची खरी अडचण मात्र यापुढची आहे, आणि तिच्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे. मुलींनी तोंड उघडले की त्यांचेच बाहेर जाणे बंद होते, हे आपल्याकडे इतके नेहमीचे आहे की मुली वर्षानुवर्षे गप्प राहतात. आईलासुद्धा सांगत नाहीत. क्लास सुटतो, मग कॉलेज बदलते, मग ‘उगाच जोखीम नको’ म्हणून स्थळे पाहायला सुरुवात होते. ज्या पाहणीतून हे घडणार असेल ती पाहणी न झालेली बरी. म्हणून चालायला सुरुवात करण्यापूर्वी घराघरांतून एक गोष्ट कबूल करून घ्यावी लागेल : या पाहणीत जे काही पुढे येईल त्यावरून कोणत्याही मुलीचे शिक्षण, नोकरी किंवा येण्या-जाण्याची वेळ बदलली जाणार नाही, बदल करायचा तो रस्त्यात. हे वसाहतीच्या बैठकीत मोठ्याने म्हटले जावे, बैठकीच्या वहीत लिहिले जावे आणि त्याखाली सह्या व्हाव्यात. सगळे पुरुष एकदम तयार होणार नाहीत. पण ज्यांच्या मुली त्या वाटेने येतात असे चार-पाच बाप तुमच्या बाजूने उभे राहिले तरी पुरे, आणि ते राहतात असा माझा विश्वास आहे, कारण मुलगी शिकावी असे त्यांनाही मनापासून वाटत असते, फक्त भीतीपुढे त्यांना दुसरा उपाय सुचत नाही.

दुसरे असे की, पाहणीच्या कागदावर कुणाचेही नाव लिहू नये. ‘अमक्याच्या मुलीला तमक्याने त्रास दिला’ असे न लिहिता ‘नाल्यावरच्या पुलाच्या अलीकडे, उजव्या हाताला, रात्री आठनंतर मोटारसायकली थांबवून मुले उभी असतात आणि बाजूने जायला वाट उरत नाही’ असे लिहावे. दोष जागेचा लिहिला की बोलणारीचे तोंड मोकळे होते. ज्या मुलींना चारचौघींतही बोलता येणार नाही, त्यांच्यासाठी एखाद्या अंगणवाडीत वा शिवणवर्गात चिठ्ठ्यांचा डबा ठेवता येईल, आणि तो बचत गटातील दोघी जाणत्या बायकांनीच उघडावा. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलीने लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली, तर ती आपल्यापाशीच राहील असे वचन तुम्ही देऊ शकत नाही; पोक्सोनुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. त्यामुळे अशा चिठ्ठीची चर्चा गल्लीत न करता 1098 या बालकांच्या मदतवाहिनीवर किंवा थेट पोलिसांकडे जावे, आणि हे डबा ठेवतानाच मुलींना सांगावे.

चालायला कोणी यावे, हेही नीट ठरवा, कारण बैठकीला येणाऱ्या बायका नेहमी त्याच त्या असतात. पहाटे झाडूकामाला निघणारी, सिव्हिलमधून रात्रपाळी करून येणारी, धुण्याभांड्यांची कामे आटोपून उशिरा परतणारी, गुडघे धरलेली आजी, कुबडी घेऊन चालणारी, क्लासला जाणाऱ्या मुली, आशाताई, अंगणवाडीच्या सेविका, यांपैकी प्रत्येकीला रस्ता वेगळा दिसतो. तुमच्याकडे तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी घरे आहेत. ज्या भाषेत भीती सांगता येते त्या भाषेत तिला बोलू द्यावे, लिहिणारीने मराठीत उतरवून घ्यावे. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकवाच्या निमित्ताने बायका जमतात आणि त्या वेळी विषय काढणे सोपे जाते, हे खरे आहे. परंतु नुसते हळदी-कुंकू ठेवले तर विधवा बायका येत नाहीत, मुस्लिम शेजारणी येत नाहीत, आणि रात्री एकट्याने ये-जा करण्याची वेळ नेमकी ज्यांच्यावर येते त्याच सुटतात. तेव्हा तिळगुळाचे बोलावणे सर्वांना करावे.

एका गटात पाच-सहा जणी पुरेत. पहिली फेरी मुलींच्या परतण्याच्या वेळी, म्हणजे आठ ते साडेनऊच्या दरम्यान घ्यावी. दुसरी पहाटे घ्यावी. तिसरी तुमच्याकडे नळाला पाणी येते त्या वेळेला घ्यावी, कारण सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येण्याची वर्षानुवर्षांची सवय आपल्या अंगवळणी पडली आहे, आणि ते अवेळी आले की घागरी घेऊन अंधारात उभ्या राहणाऱ्या बायकाच असतात. पौर्णिमेच्या आसपास चालू नये, चांदण्यामुळे अंधाराचा खरा अंदाज येत नाही. मोबाइलची बॅटरी पेटवू नये. सोबतीला पुरुष आलेच तर त्यांनी बरेच मागे राहावे आणि बोलू नये. एरवी बायका त्यांच्याकडे पाहून भीती आवरती घेतात.

मग पाहायचे काय? दिव्याचेच पाहा. ‘दिवे नाहीत’ असे लिहिलेल्या अर्जाला ‘दिवे आहेत’ असे उत्तर येते आणि विषय मिटतो. म्हणून प्रत्येक खांबापाशी थांबावे. खांबावर क्रमांक रंगवलेला असेल तर तो लिहावा. नसेल तर समोरच्या घराची वा दुकानाची खूण लिहावी. दिवा लागतो का, लागत असेल तर त्याचा उजेड खाली पोचतो की कडुलिंबाच्या फांद्यांत अडकतो, तो रस्त्याच्या मधोमध पडतो की बायका चालतात त्या कडेला, हे पाहावे. पंधरा-वीस पावलांवर एकीला उभे करावे आणि तिचा चेहरा ओळखू येतो का ते बघावे. समोरून येणारा माणूस ओळखीचा की अनोळखी हे त्या अंतरावरून कळले नाही, तर पळायला किंवा वळायला वेळ मिळत नाही. ज्या खांबाखाली ही परीक्षा फसते तिथे दिवा असूनही नसल्यासारखाच आहे, असे लिहावे.

बाकीच्या गोष्टी तुम्हाला मला सांगाव्या लागणार नाहीत. मोकळ्या प्लॉटवर वाढलेली वेडी बाभूळ, मुक्कामाला लावलेल्या टेम्पोंमुळे झालेली बोळकांडी, कडी नसलेले सार्वजनिक शौचालय, जाहिरातीच्या फलकाने तिन्ही बाजू झाकलेला बसथांबा, नाल्याचा तुटका कठडा, भटकी कुत्री, हे सगळे लिहावे. कुत्र्यांच्या भीतीने मुली उजेडाचा रस्ता सोडून अंधाराच्या वाटेने जातात, त्यामुळे ती बाब किरकोळ समजू नये. जिथे भीती वाटत नाही त्या जागाही मात्र आवर्जून लिहाव्यात. रात्री दहापर्यंत चालणारी अंडा-भुर्जीची गाडी, कोपऱ्यावरची भाजीवाली, औषधांचे दुकान, यांच्यामुळे वाट जागती राहते. सुरक्षिततेच्या नावाखाली सर्वांत आधी हातगाड्या हटवण्याची मागणी होते आणि त्या हटल्या की कोपरा अधिकच सुनसान होतो. एखाद्या वस्तीच्या किंवा समाजाच्या मुलांवर सरसकट बोट ठेवण्याचा मोहही आवरावा. ज्याने गुन्हा केला त्याची तक्रार पोलिसांत व्हावी, सबंध वस्तीची नको.

कागद तयार झाला की त्याची वाटणी करावी लागते. बंद दिवे आणि फांद्यांचा अर्ज महापालिकेच्या तुमच्या विभागीय कार्यालयात द्यावा; मोकळ्या प्लॉटच्या मालकाला सफाईची नोटीस द्यावी असा अर्जही तिथेच द्यावा; बसथांब्याचा परिवहन विभागाला; आणि सगळ्याची एकत्र प्रत महापालिकेच्या महिला व बालकल्याण विभागाला व नगरसेवकांना द्यावी. अर्ज द्यायला एकीने जाऊ नये, सात-आठ जणींनी जावे, आणि आपल्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घेतल्याशिवाय परतू नये. पहिल्या अर्जात मागणी एकच ठेवावी, तीही पटकन होण्यासारखी, उदाहरणार्थ चार खांबांवरचे दिवे. ते लागले की ‘बायकांच्या फिरण्याने काय होते’ म्हणणाऱ्यांना उत्तर मिळते आणि पुढच्या फेरीला दुप्पट बायका येतात. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर माहितीच्या अधिकारात आपल्या अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारावे. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, आणि आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांच्या आत असावा लागतो.

पोलिसांकडे जाताना ‘गस्त वाढवा’ एवढेच म्हणू नये. तुमच्या नोंदींवरून जागा आणि वेळ काढून द्यावी : नाल्यावरचा पूल, रात्री आठ ते साडेनऊ. शहर पोलिसांच्या दामिनी पथकाला, म्हणजे महिलांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेल्या पथकाला, एकदा तुमच्या फेरीत सोबत चालण्याचे निमंत्रण द्यावे. ठाण्यात बसून ऐकण्यापेक्षा त्या पुलावर उभे राहिल्यावर महिला पोलिसांना सारे चटकन उमगेल.

राहिला प्रश्न पुरुष मंडळींच्या तीन निर्णयांचा. कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. परंतु कमानीवरचा कॅमेरा नाल्याकडची वाट पाहत नाही, तो फक्त वसाहतीत कोण किती वाजता आले ते पाहतो, आणि तिथे येणाऱ्यांत मुलीच असतात. चित्रण कुणाच्या मोबाइलवर दिसणार, किती दिवस ठेवणार, पोलिसांव्यतिरिक्त कुणाला दाखवणार, हे लेखी ठरल्याखेरीज ते बसवू देऊ नये, आणि देखरेख करणाऱ्यांत किमान दोन बायका असाव्यात. नाहीतर ‘तुमची मुलगी कुणाबरोबर आली’ हे सांगण्यासाठीच त्याचा वापर होईल. फाटक नऊला बंद करण्याचा निर्णय तर मागेच घ्यायला लावावा. सिव्हिलमधून दहाला येणारी परिचारिका, कारखान्याची दुसरी पाळी संपवून येणारी बाई, नातलगाला दवाखान्यात पोचवून परतणारी आई, यांना ते फाटक अंधारात बाहेर उभे करील. ज्या जागेची भीती आहे नेमक्या तिथेच. बैठकीत एवढा एक मुद्दा शांतपणे मांडला तरी बरेच जण विचारात पडतील. ज्या घरातील बाई उशिरा येते त्या घराच्या पुरुषानेच तो मांडला तर अधिक बरे.

अंधारापूर्वी घरी येण्याच्या नियमाबद्दल इतकेच लिहिते की हिवाळ्यात सोलापुरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि अकरावी-बारावीचे क्लास त्यानंतरच भरतात. हा नियम पाळायचा म्हणजे क्लास सोडायचा. तेव्हा दिवे लागेपर्यंतच्या काळासाठी दुसरी सोय करा : तिन्ही मुली एकाच रिक्षाने येतील असे पाहा, रिक्षावाल्या काकांना मुख्य रस्त्यावर न सोडता कमानीपर्यंत यायला सांगा आणि त्याचे जादा भाडे तिन्ही घरांनी वाटून घ्या. साडेआठ ते नऊ या वेळात पुलाकडच्या घरांतील बायकांनी आळीपाळीने दारात बसावे, विड्यांची पाने कातरायचे काम तेवढा वेळ बाहेर घेतले तरी चालेल. ही तात्पुरती सोय आहे. ती कायमची झाली तर महापालिकेचे काम तुमच्या गळ्यात पडेल, म्हणून तिची मुदत आधीच ठरवून ठेवावी.

मुलीला फेरीत न्यावे का, असे तुम्ही पत्राच्या समासात विचारले आहे. तिलाच विचारा. ती हो म्हणाली तर नोंदींचा कागद तिच्या हाती द्या, कारण ती वाट रोज तिच्या पायाखालची आहे. नाही म्हणाली तर आग्रह करू नका. पहिला अर्ज विभागीय कार्यालयात देण्यापूर्वी त्याचा मसुदा माझ्याकडे पाठवलात तर मी तो वाचून आवश्यक त्या दुरुस्त्या कळवीन. सोबत खांबांचे क्रमांक आणि नाल्याकडच्या वाटेचा हाताने काढलेला नकाशाही पाठवावा, तो जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर काढलेला असला तरी चालेल.